आबांच्या तळहातावरचे हेलिकॉप्टर

त्या रविवारी आबांनी मला पहिल्यांदाच न आपटता खाली उतरवले.

मित्रांनो, तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण मी एक जुने, पिवळे, रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर आहे. माझा एक पाय दोऱ्याने बांधलेला आहे, शेपटीवर डिंकाचे डाग आहेत आणि अंगावरची प्रत्येक खूण आबांनी मला पाडल्याची आहे. म्हणून त्या सकाळी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गच्चीवर मी पाण्याच्या टाकीइतके उंच चढले, तिथे क्षणभर थांबले आणि म्हातारे माणूस जिना उतरते तसे सावकाश येऊन सिमेंटवर टेकले, तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

आबांचाही बसला नाही. त्यांनी रिमोट खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि जिन्याच्या दाराकडे पाहिले. दारात त्यांची मुलगी दीना चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळे पाहिले होते.

"दिसलं का?" आबा ओरडले. ते नेहमी ओरडूनच बोलत. आपण अगदी हळू बोलतो, असे त्यांना वाटे.

दीनाने कप कठड्यावर ठेवले आणि हवेत कापड पसरावे तसा तळहात सरळ फिरवला. ही आबांच्या जुन्या कापडाच्या मिलमधली खूण. माल एकदम साफ उतरला, असा तिचा अर्थ. आबा लाजून हसले.

मग दीना त्यांच्या जवळ जाऊन बसली. तिने आधी गल्लीकडे पाहिले, मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आबा, एक सांगायचं होतं."

"काय? जोरात बोल."

"एक सांगायचं होतं!"

शेजारच्या गच्चीवर यमुनाकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्या दोरीमागून डोकावल्या. "सांग ना दीना, मी पण ऐकते आहे. कपड्यांचं काय, वाळतील आरामात!"

दीना लाल झाली. "चहा थंड होतोय!" ती ओरडली.

"हे तर पूर्ण गल्लीला रोज कळतं," काकू म्हणाल्या. "काही नवीन असेल तर बोल."

दीनालाही हसू आले. आबांना काय झाले ते कळले नाही, पण दोघी हसल्या म्हणून तेही हसले आणि त्यांनी चहा प्यायला.

तो आमचा शेवटचा साधा दिवस होता. तो समजायला मात्र तुम्हाला माझी सगळी गोष्ट ऐकावी लागेल.

माझा जन्म फार दूरच्या देशात, एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने डोक्यावर दोन पंखे चढवले. तिसरीने मला खोक्यात घालताना माझ्या शेजारी एक छोटी पुडी ठेवली. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पुढे जहाज, मालगाडी, ट्रक असा अंधारातला प्रवास झाला आणि मी इंदूरला पोचले. ज्या वर्षांत या शहरातल्या कापडाच्या मिल एकेक करून बंद पडल्या, त्याच वर्षांत देशाची दारे बाहेरच्या मालाला उघडली होती. मी त्याच दारातून, जरा उशिरा, आत आले.

पलासिया भागातल्या एका दुकानात मी वरच्या फळीवर बसून असे. दुकानदार शरद बोलका होता. त्याचे आईवडील मराठी, पण बाजारात वाढल्यामुळे त्याच्या एका वाक्यात दोन भाषा सुखाने नांदत. एका संध्याकाळी दीना आबांना घेऊन तिथे आली. दीनाचे पूर्ण नाव धम्मदीना. ती जवळच्याच एका बँकेत नोकरी करत होती.

"बोला काकाजी, कुणासाठी? नातवासाठी?" शरदने विचारले.

"यांच्यासाठीच," दीना म्हणाली.

"अरे वा! क्या बात है, काकाजी!"

आबांचे नाव धोंडिबा. त्यांचे वडील महूच्या छावणीत हवालदार होते. आबा लहान असताना तिथल्या मैदानावर एक हेलिकॉप्टर उतरले होते. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतले होते. गवत झोपले, आबांची टोपी उडाली, आणि वडील एवढे हसले की खांदे हलायला लागले. वडिलांना तसे हसताना आबांनी पुन्हा कधी पाहिले नाही. ही गोष्ट दीनाने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की टोपी कोणत्या दिशेला उडाली हेही ती सांगू शकली असती. म्हणून तिने आबांना हेलिकॉप्टर द्यायचे ठरवले होते. आणि तिला ते मोठे द्यायचे होते.

काचेच्या कपाटात हातभर लांबीचे, काळे, धातूचे हेलिकॉप्टर होते. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघे. दीनानेही तेच दाखवायला सांगितले.

"दीदी, दिसायला हे जबरदस्त आहे," शरद म्हणाला. "पण खरं सांगू का? पहिल्यांदा उडवणारा हे घेऊन जातो ना, तर हप्त्याभरात परत येतो. जाताना खोक्यात जातं, येताना पिशवीत येतं. याला वर एकच पंखा. जरा हात चुकला की हे गोल गोल फिरलं, आणि गेलं कामातून." मग त्याने मला खाली काढले. "पहिलं घ्यायचं तर हे घ्या. एकावर एक दोन पंखे आहेत. एक इकडे फिरतो, दुसरा तिकडे, म्हणून हे स्वतःच सरळ राहतं. वजन कमी, म्हणून पडलं तरी लागत नाही. आधी खोलीत शिकायचं, मग गच्चीवर. आणि हवा चालत असेल तर बिलकुल नाही."

दीनाने माझ्याकडे पाहिले. त्या काळ्या हेलिकॉप्टरपुढे मी चिमणीसारखे दिसत होते. तिचा चेहरा उतरला.

"आबा, मोठं घ्या ना!" ती म्हणाली. आबांना ऐकू जावे म्हणून तिला ते ओरडावे लागले आणि दुकानातले सगळे वळून पाहू लागले. कुणीतरी हसले. दीनाने ओढणी सारखी केली आणि हट्ट सोडला.

आबांनी काळ्या हेलिकॉप्टरवर तळहात ठेवला, मग काढून घेतला. शरदने मला काउंटरवर सुरू केले. आबांनी माझ्या पोटाखाली हात धरला आणि डोळे मिटले. माझी थरथर त्यांच्या हातात गेली. मला त्याआधी कुणी असे धरले नव्हते.

"ही पुडी कसली?" त्यांनी विचारले.

"जास्तीची पाती, काकाजी!" आता शरदही ओरडायला शिकला होता. "पंख्याची पाती तुटतात ना!"

"म्हणजे हे पडणार, हे बनवणाऱ्याला आधीच माहीत आहे?"

"पडणारच, भिया! सगळ्यांचं पडतं!" इंदुरात 'भैया'चे असे 'भिया' होते.

आबांनी मला उचलून दीनाच्या हातात दिले. "हेच घे. ज्यानं बनवलं त्यानं पडण्याचा विचार केलाय. आम्हा मिलवाल्यांना कुणी जास्तीची पाती दिली नव्हती."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसे सहज सांगितले.

तर मित्रांनो, अशी माझी निवड झाली. आणि दुसऱ्याच दिवशी मी पडले.

आबांची चूक नेहमी एकच असे. मी वर जाई, जरा डोलू लागे, आणि त्याच क्षणी त्यांचा डावा हात रिमोटची दांडी सरळ तळाला नेई. पंखे थांबत आणि मी दगडासारखे खाली येई. मी तिरके झाले की हात तळाला. भिंत जवळ आली की हात तळाला. कुत्रा भुंकताना दिसला तरी हात तळाला.

"आबा, बंद नका करू!" दीना ओरडे. "हळूहळू कमी करा! हळूहळू!"

"हात ऐकत नाही गं," आबा म्हणत. "माझ्या हातालाही कमीच ऐकू येतं."

हाताचे कारण मला पुढे कळले. आबा मिलच्या साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणायचे साचे चालतात तिथे. शेकडो साच्यांचा तो गोंगाट इतका, की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागे. चहा, विडी, जेवण, साहेब आला, धागा तुटला, सगळ्याला खुणा होत्या. त्याच गोंगाटाने आबांचे कान नेले. आणि तिथला पहिला धडा असा होता की धागा तुटला की आधी साचा बंद, विचार नंतर. एका धाग्यासाठी साचा थांबवला नाही तर सगळे थान, म्हणजे अख्खा तागा, वाया जाते. तरुणपणापासून त्यांचा डावा हात तेवढेच शिकला होता. काही बिघडते आहे असे दिसले की थांबवायचे. हवेत थांबले की पडायचे असते, हे त्या हाताला कोण सांगणार?

मी पडले की आबा मला घेऊन गच्चीतल्या सावलीत बसत. तुटलेले पाते काढून पुडीतले नवे लावत. पाय मोडला तेव्हा त्यांनी तो सुती दोऱ्याने बांधला आणि विणकर मारतात तशी गाठ मारली. ती गाठ इतकी चपटी असते की बोट फिरवले तरी लागत नाही. काम करता करता ते माझ्याशी बोलत. आपण पुटपुटतो आहोत असे त्यांना वाटे, पण यमुनाकाकूंनाच काय, कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ते ऐकू जाई. आबांच्या मनातले गल्लीला पाठ होते. दीनाच्या मनातले कुणालाच माहीत नव्हते.

एकदा त्यांनी मला मिलच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितले. "धागा तुटला होता. मी साचा थांबवला, गाठ मारली, हँडल ओढलं. चालेना. मला वाटलं, माझाच साचा बिघडला. मान वर करून बघतो तर पूर्ण खातं थांबलेलं. तेवढ्या शांततेची सवय नव्हती, भीती वाटली. अर्धं थान साच्यावर तसंच राहिलं. गाठ पक्की मारली होती मी, पण पुढे विणायला कुणी आलं नाही."

मग जरा थांबून, पाते घट्ट करत, ते म्हणाले, "पोरीची आई, कौसल्या, त्याच्या आधीच गेली होती. पोर लहान. पहाटे पहिल्या पाळीला निघायचो. मिल बंद झाल्यावर मंडीत हमालीला निघायचो. पण मला ऐकू कुठे येतं? पोर रडते की खोकते, काय कळणार? साच्यावर हात ठेवला की कळतं ना, तसा निघताना तिच्या पाठीवर हात ठेवून बघायचो. श्वास बरोबर चालला आहे ना, हुंदका तर नाही ना. तिला काय माहीत म्हणा. झोपलेली असायची बिचारी."

दीना जिन्यात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आबांची तिच्याकडे पाठ होती, मला ती दिसत होती. तिने एक पायरी वर टाकली. तोंड उघडले. शेजारच्या गच्चीवर यमुनाकाकू आणि त्यांच्या दोन पाहुण्या शेवया वाळवत होत्या, समोरच्या गच्चीवर कुणी पतंग उडवत होते. दीनाने तोंड मिटले. तांब्या पायरीवर ठेवून ती खाली गेली.

त्या दिवसापासून ती आबांना काहीतरी सांगू पाहत होती, हे मला दिसत होते. मी निर्जीव असले तरी दोन वर्षे मी त्याच घरात होते. ती येई, त्यांच्या कानाशी वाके, आणि शेवटी ओरडे ते दुसरेच काही. गोळी घेतली का. दार लावून घ्या. चहा थंड होतोय. कानात घालायचे यंत्र तिने आणून दिले होते, पण त्यात मिलचाच आवाज येतो म्हणून आबांनी ते डबीत ठेवून दिले होते. साचेखात्यातल्या सगळ्या खुणा दीनाला येत. पण जे तिला सांगायचे होते त्याची खूण तिथे कधी बनलीच नव्हती. आणि मित्रांनो, काही गोष्टी अशा असतात की त्या कानातच सांगाव्या लागतात. त्या ओरडून कशा सांगायच्या?

तर तो रविवार. मी अलगद उतरले, यमुनाकाकू हसल्या, चहा झाला. त्या रात्री आबांनी मला पुसून खिडकीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवले आणि नेहमीसारखा माझ्यावर एकदा तळहात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दीना उठली तेव्हा आबा अजून अंथरुणातच होते. ते रोज तिच्या आधी उठत. ती दारात उभी राहून पाहत राहिली. तिने हाक मारली नाही. या घरात हाकेचा उपयोग कधीच नव्हता. ती त्यांच्याजवळ बसली आणि तिने त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.

मशीन चालू आहे की बंद, हे हाताला लगेच कळते, असे आबा म्हणत. तिलाही लगेच कळले असावे. तरी खिडकीत उजेड येईपर्यंत तिने हात काढला नाही.

माणसे आली, गेली. आबांच्या जलदान विधीला महूहून दीनाचा चुलतभाऊ ज्ञानदीप आला होता. तो आवराआवर करू लागला. "ताई, हे खेळणं कुणाला तरी देऊन टाकू?" त्याने मला उचलून विचारले.

"राहू दे," दीना म्हणाली.

त्याने मला खोक्यात घातले आणि कपाटावर ठेवले. तिथे मी किती दिवस होते, मला सांगता येणार नाही. खोक्यात दिवस नसतात. आवाज मात्र येत. घरात आता कुणी ओरडत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याशी दीना हळू, नीट बोले. फक्त कधी कधी सकाळी स्वयंपाकघरातून एकदम जोरात हाक येई, "आबा, चहा!" आणि मग भांडे ठेवल्याचाही आवाज येत नसे. शेजारून कुणी त्यावर हसत नसे.

माझी बॅटरी फुगली. दोऱ्यावर धूळ बसली. जी वस्तू हातात असते ती टिकते आणि जी जपून ठेवली जाते ती मरते, हे मी त्या अंधारात शिकले.

मग एका थंडीच्या सकाळी कुणीतरी खोके खाली काढले. दीना मला पिशवीत घालून पलासियाला घेऊन गेली.

"अरे, हे अजून आहे?" शरदला आनंद झाला. "दीदी, आता तर कॅमेरावाले आले बाजारात. हे कोण उडवतं आता? काकाजी कसे आहेत?"

दीनाने नकारार्थी मान हलवली. शरदने मागच्या खोलीत बराच वेळ शोधून माझ्या मापाची बॅटरी आणली, आणि न मागता जास्तीच्या पात्यांची एक पुडी पिशवीत टाकली.

पुढच्या रविवारी तिने मला गच्चीवर नेले. वारा नव्हता. रिमोट तिने कधी हातात धरला नव्हता. मला सुरू करण्याआधी तिने डोळे मिटून माझ्यावर तळहात ठेवला, आणि पायाच्या गाठीवरून बोट फिरवले. गाठ बोटाला लागली नाही.

मी वर गेले. टाकीपर्यंत गेले. तेवढ्यात मिलच्या ओसाड पडीक जागेकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी तिरके झाले. दीनाचा डावा हात खाली सरकू लागला. आता हा हातही दांडी तळाला नेणार, असे मला वाटले. ती अगदी आबांची मुलगी होती. पण तिने दात आवळले. "हळूहळू," ती स्वतःशी म्हणाली. "हळूहळू." आणि तिने मला तसेच, डोलत डोलत, सिमेंटवर आणून टेकवले.

आता माझे थोडेच सांगायचे राहिले आहे. मित्रांनो, तुम्ही पहिल्यांदा हेलिकॉप्टर घ्याल तर लहान घ्या, पडले तरी उठेल असे घ्या. पडले म्हणून त्याला कपाटावर ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी काढा, पुसा, हात लावा. वस्तूंची एवढीच मागणी असते. आणि घरातल्या ज्या माणसाला कमी ऐकू येते, त्याच्यासाठी आवाज चढवायला लाजू नका. गल्ली ऐकेल, ऐकू द्या. गल्ली दोन दिवस हसते. न बोललेले फार दिवस राहते.

त्या रविवारी मी टेकल्यावर दीना कठड्यापाशी गेली. शेजारच्या गच्चीवर यमुनाकाकू चादर झटकत होत्या, समोर कुणी दात घासत होते, खाली भाजीची गाडी उभी होती. तिने या वेळी कुणाकडे पाहिले नाही. आबांची खुर्ची अजून सावलीत होती. तिच्याकडे तोंड करून दीना उभी राहिली, आणि ज्या आवाजात ती चहाला हाक मारत असे, त्याच आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आबा! मी झोपलेली नसायचे!"

यमुनाकाकूंच्या हातातली चादर तशीच राहिली.

"पहाटे तुम्ही हात ठेवायचे ना, मी जागी असायचे! रोज! मी मुद्दाम हलायचे नाही, आबा! हलले असते, तर तुम्ही हात काढून घेतला असता!"